नागपुरात काय खावं, कुठे फिरावं: पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्या घरी पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कुणी विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या कामाने येतं, कुणी लग्नाला, कुणी ताडोब्याला जाताना एक रात्र थांबतं. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. सगळ्यांना माझं पहिलं सांगणं एकच असतं, रेल्वेलाईन ओलांडा. नागपूरच्या मधोमध उभी रेल्वेलाईन जाते. तिच्या पश्चिमेला सीताबर्डी, धरमपेठ, सिव्हिल लाईन्स, आणि पूर्वेला महाल, इतवारी, गांधीबाग, मोमिनपुरा. हॉटेलं बहुतेक पश्चिमेला आहेत. पाहुणे तिकडेच उतरतात, तिकडेच जेवतात आणि तिकडूनच परत जातात. या शहराला चव ज्या लोकांनी दिली, ते मात्र लाईनीच्या पलीकडे राहतात.

एकच दिवस हाती आहे. काय करावं?

सकाळी सातला कस्तूरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खा. तिथून जवळच झिरो माईलचा खांब, म्हणजे इंग्रजांच्या काळची अंतरं मोजायची खूण आहे, तो बघा. नऊच्या आत दीक्षाभूमीला पोहोचा, तेव्हा आवार शांत असतं. दुपारी महालात फिरून सावजीचं जेवण करा आणि संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर बसा. एवढ्यात दिवस संपतो. संग्रहालय, बाग, मॉल हे सगळं त्याच दिवसात कोंबू नका. नागपूर चालत, थांबत बघायचं शहर आहे.

तर्री-पोहे म्हणजे नेमकं काय? पोहे तर आमच्याकडेही होतात.

होतात, पण तुमच्याकडचे पोहे कोरडे आणि आमचे ओले. पोहे नेहमीसारखेच, थोडे सौम्य फोडणीचे. त्यावर मोठ्या पातेल्यातून चण्याचा लालभडक पातळ रस्सा पडतो. त्या रश्शावर तरंगणारा तेलाचा थर म्हणजे तर्री. वरून कच्चा कांदा आणि लिंबू. पोह्यांनी रस्सा पिऊन टाकायच्या आत खायचे. फोटो काढत बसलात तर खाली लगदा उरतो.

दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. पहिली, तर्री पुन्हा मागता येते. "भाऊ, थोडी तर्री टाका" म्हटलं की पळी येते. दुसरी, हे सकाळचं खाणं आहे. अकराला गेलात तर पातेल्याच्या तळाचा आटलेला, खारट रस्सा मिळेल आणि तुम्ही उगाच नागपूरला नावं ठेवाल. हीच तर्री आलुबोंड्यावरही घालतात. बटाटेवड्याला इथे आलुबोंडा म्हणतात. तो बशीत फोडून त्यावर तर्री ओततात, चमच्याने खातात.

सावजी खरंच इतकं तिखट असतं का?

असतं. पण ते नुसतं मिरचीचं तिखट नाही. पहिल्या घासाला वाटतं, यात काय एवढं? दुसऱ्या-तिसऱ्या घासानंतर घशात उतरलेली मिरी आणि लवंग बोलायला लागतात. मसाला काळपट होईपर्यंत भाजलेला असतो. सुकं खोबरं, खसखस, दगडफूल आणि बाकीचे गरम मसाले त्यात जातात. मिरचीही इथली. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

हे जेवण विणकरांचं, हलबा कोष्टी समाजाचं. दिवसभर मागावर बसून लुगडी विणणाऱ्या घरांतलं हे रांधणं. पूर्वी ते जवसाच्या तेलात होई. मागाचं काम कमी होत गेलं तसं अनेक घरांच्या ओसरीत चार बाकडी पडली आणि भोजनालयं उभी राहिली. गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ या भागांत आजही काही ठिकाणी घरातल्या बायकाच चूल सांभाळतात. मला या जेवणाबद्दल आदर वाटतो तो यामुळेच. कुणी शेफने कागदावर बसवलेला हा पदार्थ नाही, हातमागावरचं पोट जेव्हा भागेना तेव्हा त्या घरांना याच रश्शाने तारलं. आता मुंबई-पुण्यातही "सावजी" नावाच्या पाट्या दिसतात. त्यांतल्या कित्येक ठिकाणी नुसत्या तिखटाचा मारा असतो, मसाला भाजलेलाच नसतो.

पहिल्यांदा खाणाऱ्यांनी सुकं मटण किंवा गावरानी कोंबडी मागवावी. रस्सा वाटीत वेगळा घ्यावा, पोळी किंवा ज्वारीची भाकरी त्यात बुडवून खावी, मग शेवटी भात. खूर म्हणजे पाये आणि सुंदरी म्हणजे आतडी. पट्टीचे खाणारे त्यासाठीच येतात. झोंबलं तर पाणी पिऊ नका, त्याने आग पसरते. कच्चा कांदा, लिंबू आणि भाताचा कोरडा घास हाच उतारा. आणि जेवायला शक्यतो दुपारी जा. रात्री बऱ्याच जुन्या भोजनालयांत पिणाऱ्यांची गर्दी असते. लेकरंबाळं सोबत असतील तर दुपारच बरी.

आम्ही शाकाहारी आहोत. आम्हाला नागपुरात काही आहे का?

भरपूर आहे, आणि माझ्या मते नागपूरचं खरं कसब तिथेच दिसतं.

पाटोडी रस्सा घ्या. बेसन शिजवून, ताटात थापून, वर खोबरं-खसखस भुरभुरून वड्या पाडतात आणि त्या मसालेदार रश्शात खातात. चांगल्या ठिकाणी पाटोडी वेगळ्या ताटलीत आणि रस्सा वेगळा येतो, कारण ती आधीच टाकून ठेवली की विरघळते. कुणी आधीच एकत्र करून आणलं तर समजा की स्वयंपाकघरात घाई आहे. सावजी भोजनालयांतही पाटोडी, मसाल्याचं वांगं आणि डाळ-कांदा मिळतो.

मग सांबारवडी. इथे घोटाळा ठरलेला. पुण्याचे एक पाहुणे इडलीसोबतच्या सांबाराची वाट बघत बसले होते. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. बेसनाच्या पातळ पोळीत कोथिंबीर, खोबरं, खसखशीचं सारण भरून, घडी घालून तळतात. हिलाच पुडाची वडी म्हणतात. सोबत कढी हवीच. हिवाळ्यात बाजारात कोथिंबिरीचे ढीग लागतात, तेव्हा ही वडी घरोघरी होते. उन्हाळ्यात कोथिंबीर महागते, सारणात तिची जागा बाकीच्या जिनसा घेतात. म्हणून थंडीतच खा.

वडा-भात आणि गोळा-भात ही मात्र घरची खाणी आहेत. डाळी भरड वाटून केलेले खमंग वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग, मोहरी, लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. गोळा-भातात बेसनाचे गोळे भातावरच वाफवतात. महाराष्ट्रीय थाळीच्या काही जुन्या खानावळींत ठरावीक वारी मिळतात, पण खऱ्या चवीसाठी नागपूरकराशी ओळख काढा. जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका.

आणि संध्याकाळी रस्त्याकडेला उलट्या माठाखाली जाळ दिसला तर थांबा. कणीक एवढी सैल मळलेली असते की ती लाटता येत नाही. बाई ती दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत झुलवत लांबवते आणि तापलेल्या माठावर पसरते. ही लांब पोळी. रुमालासारखी पातळ आणि मऊ. मी लहानपणापासून बघतो आहे, तरी दर वेळी वाटतं की आता फाटणार. फाटत नाही.

महाल-इतवारीत बघायचं काय? नकाशावर तर नुसत्या गल्ल्या दिसतात.

त्या गल्ल्याच बघायच्या. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने १७०२ मध्ये हे शहर वसवलं आणि पुढे ते नागपूरकर भोसल्यांची राजधानी झालं. गोंड राजांचा किल्ला आणि भोसल्यांचा वाडा दोन्ही महालातच आहेत. गांधीसागर तलावापासून सुरुवात करा. तिथून गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, मग बडकस चौक, कल्याणेश्वराचं देऊळ, आणि चालत चालत इतवारी. लाकडी खांबांचे, कोरीव सज्जांचे वाडे आता थोडेच राहिलेत. दर वर्षी एखादा पडतो आणि तिथे चार मजले उभे राहतात. हे बघून मला फार वाईट वाटतं. म्हणून लवकर या आणि मान वर करून चाला, कारण खाली सगळी दुकानंच दिसतात.

इतवारीत धंद्यांच्या ओळी आहेत: सराफा ओळी, किराणा ओळी, चितारओळी. चितारओळीत गणपतीच्या आधी जा. घराघरांत मूर्ती उभ्या असतात, ओल्या मातीचा वास येतो आणि मूर्तिकार डोळे रंगवत असतात. तिथे उभं राहून बघायला कुणी हटकत नाही, फक्त वाट अडवू नका. मेट्रोचं स्थानकही त्याच नावाचं आहे.

संत्री कधी मिळतात? आणि ओळखायची कशी?

संत्र्याचे दोन बहार, म्हणजे फळांचे दोन हंगाम असतात. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मला मृगाचं संत्रं जास्त आवडतं, गोडी अधिक असते. आंबियाला आंबूसपणा असतो, काहींना तोच हवा असतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बागा शहरात नाहीत, त्या काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यात आहेत.

घेताना रंगावर जाऊ नका. सालीवर हिरवी झाक असलेलं फळही आतून गोड निघतं. हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. साल सैल असणं हा नागपुरी संत्र्याचा गुणच आहे, पण हलकं आणि फुगलेलं फळ असेल तर आत फोडी सुकलेल्या निघतात. रेल्वे स्थानकाच्या पूर्वेकडच्या दाराजवळ संत्रा मार्केट आहे. ठोक लिलाव बघायचा असेल तर हंगामात सकाळी कळमना बाजारात जा. संत्र्यांचे डोंगर बघितल्यावर बाजारातल्या एका किलोचा हिशेब वेगळाच वाटायला लागतो.

मे महिन्यात कुणी "नागपूरची ताजी संत्री" म्हणून विकत असेल तर पुढे चला.

संत्रा बर्फी कुठून घ्यावी?

हल्दीरामची बर्फी घेऊन लोक जातात, आणि त्यात काही चूक नाही. बिकानेरच्या या घराण्याच्या एका शाखेने नागपुरात जम बसवला आणि ही बर्फी घराघरांत पोहोचवली. इतर मिठाईवालेही करतात. पण घेण्याआधी एक तुकडा चाखा. मी एकदा नाव न पाहता स्थानकाजवळच्या दुकानातून दोन डबे नेले, तर नुसता केशरी रंग आणि अर्काचा वास. खऱ्या बर्फीत संत्र्याचे धागे जिभेला लागतात आणि शेवटी सालीचा किंचित कडवटपणा उरतो. खव्याची असल्यामुळे फार टिकत नाही. निघायच्या दिवशीच घ्या.

दीक्षाभूमीवर कधी जावं?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजचा स्तूप सांचीच्या धर्तीवर बांधलेला असून आतून पोकळ आहे. त्याचं उद्घाटन २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. आत आवाज घुमतो, म्हणून लोक आपोआप हळू बोलतात. आवारात बोधिवृक्ष आहे, त्याच्या सावलीत थोडा वेळ बसा.

शांतता हवी असेल तर कुठल्याही साध्या दिवशी सकाळी जा. पण जमलं तर एकदा दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला या. गावोगावचे लोक पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर बोचकी घेऊन, कित्येक जण पायी येतात. जागोजागी जेवणाचे स्टॉल लागतात, कुणालाही वाढतात, पैसे घेत नाहीत. आणि पुस्तकांचे स्टॉल! ज्या बाईने वर्षभर मजुरी केली, ती चार पुस्तकं पारखून घेते, पदराच्या गाठीतून पैसे देते आणि ती बोचक्यात जपून ठेवते. मी जत्रा खूप पाहिल्या, पण जिथून लोक पुस्तकं घेऊन घरी जातात अशी दुसरी पाहिली नाही. त्या दिवशी गाडी न्यायचा विचार सोडा, दूर ठेवून चाला.

मुलांना कुठे न्यावं?

रमण विज्ञान केंद्र (तारांगणासकट), महाराजबाग, सेमिनरी हिल्सवरचं बालोद्यान. गाड्यांचं वेड असेल तर मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. गोरेवाड्याची सफारी मोठ्यांनाही आवडते. सिव्हिल लाईन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयाला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. ते १८६३ चं आहे, सोमवारी बंद असतं.

सीताबर्डीचा किल्ला रोज बघता येतो का?

नाही. तो लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला सगळ्यांसाठी उघडतात. नोव्हेंबर १८१७ मध्ये याच टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि नागपूरचं स्वातंत्र्य हातचं गेलं. त्या तीन तारखांपैकी एखादी जुळत असेल तर सोडू नका. वरून दोन्ही बाजूंचं नागपूर एका नजरेत दिसतं, आणि मधली रेल्वेलाईनही.

मारबत म्हणजे काय? ते बघायला मुद्दाम यावं का?

यावं. हा सण नागपूरचाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते. या कागद-बांबूच्या अवाढव्य बायकांच्या प्रतिमा. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, रोगराई. "इडा, पिडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठते आणि शेवटी सगळ्याचं दहन होतं. दोन्ही मारबती समोरासमोर येतात तेव्हा नेहरू पुतळ्याजवळ पाय ठेवायला जागा नसते. एखाद्या ओळखीच्या घराची गच्ची गाठा.

त्याच दिवशी तान्हा पोळा. लहान मुलं लाकडी बैल सजवून दारोदार येतात, त्यांना बोजारा, म्हणजे खाऊसाठी थोडे पैसे द्यायचे असतात. खिशात सुटे पैसे ठेवा.

मे महिन्यात आलो तर?

पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कधी सत्तेचाळीसच्याही. दुपारी अकरा ते सहा बाहेर पडू नका, आम्हीही पडत नाही. घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर लागतात. त्यांचा ओला वास हाच आमचा उन्हाळा. डोक्याला दुपट्टा बांधा, कैरीचं पन्हं आणि ताक पीत राहा. रात्री मात्र शहर जागं होतं. लोक आइसक्रीमला म्हणून निघतात आणि बारापर्यंत फिरतात. दिनशॉ हे नागपूरचंच, १९३२ पासूनचं. हॉटेल घेताना खोलीत एसी आहे की कूलर, हे विचारून घ्या.

सगळ्यांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत शहराबाहेरच्या शेतांवर हुरड्याचे बेत असतात. कुणी बोलावलं तर जाच.

रात्री उशिरा खायला काय मिळतं?

मोमिनपुऱ्यात जा. बिर्याणी, सीख, निहारी. रमजानमध्ये तर तो रस्ता पहाटेपर्यंत झोपत नाही, आणि फिरनी मातीच्या वाट्यांतून मिळते.

नागपुरात सगळे हिंदीच का बोलतात? मराठीत बोललं तर चालेल का?

चालेल काय, आनंदच होईल. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याआधी सीपी अँड बेरारची, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडची. कचेरी, बाजार, शाळा सगळीकडे दोन्ही भाषा नांदल्या. म्हणून अनोळखी माणसाशी हिंदीत सुरुवात करायची सवय लागली. तुम्ही मराठीत उत्तर दिलंत की समोरचा लगेच "काय करून राहिले भाऊ?" वर येतो. ही बोली ऐकून हसू नका. ती चुकलेली मराठी नाही, इथली मराठी आहे.

शहरात फिरायचं कशाने?

मेट्रोने. दोन मार्ग सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. एक खापरीकडून विमानतळावरून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत, दुसरा लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर. हा दुसरा तुम्हाला रेल्वेलाईनीच्या पलीकडे नेतो. महालाच्या आत मात्र पायी किंवा ऑटोने. चारचाकी नेऊ नका.

एक दिवस जास्त असेल तर कुठे जावं?

रामटेक. पन्नासेक किलोमीटर. कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवरून ढगाशी बोलला तो हाच डोंगर, अशी आमच्याकडची श्रद्धा. वर रामाचं देऊळ, आणि त्याहून कितीतरी जुनी वाकाटककाळातली नृसिंहाची देवळं. ती बघितल्याशिवाय उतरू नका, बहुतेक लोक रामाचं दर्शन घेऊन परततात. आषाढात पहिला ढग आला की तिथे उभं राहावं. पिशवीत खाऊ ठेवू नका, माकडं हिसकावतात. परतताना खिंडसी तलाव.

वाघ बघायचा तर पेंचचं सिल्लारी फाटक किंवा उमरेड-कऱ्हांडला. बुकिंग आधी ऑनलाईन करा. सेवाग्रामला निघालात तर लक्षात असू द्या, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.

पानठेल्यावर सगळे खर्रा घोटताना दिसतात. चाखून बघावा का?

नाही. त्यात तंबाखू, सुपारी आणि चुना असतो. या भागात तोंडाच्या कर्करोगाने किती घरं उद्ध्वस्त केली ते आम्ही जवळून पाहिलं आहे. गंमत म्हणूनही नको. साधं मिठं पान खा.

परतीची गाडी सकाळी साडेसातची आहे. जाता जाता पोहे मिळतील का?

मिळतील. पहाटेच पातेली चढतात आणि स्थानकावर पोहोचायच्या आधीच्या कोणत्याही चौकात एक तरी गाडी लागलेली असते. पहिल्या पातेल्याची तर्री सगळ्यांत चांगली, वरचं तेल अजून ढवळलेलं नसतं. बांधून मात्र घेऊ नका. तिथेच उभं राहून खा आणि लिंबाची आणखी एक फोड मागून घ्या.